पाणी किती ते नंतर सांगा, तारीख आधी सांगा : आमच्या कालवा सल्लागार समितीला खुलं पत्र

कालवा सल्लागार समितीचे अध्यक्ष, सगळे सदस्य, पाटबंधारे खात्यातले साहेब लोक अन् धरणाच्या पायथ्याचं वीजघर चालवणारी मंडळी, सगळ्यांना राम राम.

मी टेलवरचा माणूस. टेल म्हणजे आमच्या मायनरचं, म्हणजे कालव्याच्या लहान फाट्याचं, शेवटचं टोक, त्याच्यापुढं कालवा नाही, धुऱ्यावरच्या बाभळी आहेत अन् मग नाला. चार एकर वावर, त्यात पऱ्हाटी, तूर अन् रब्बीत हरभरा. पाणी वापर संस्थेचा सभासद आहे, पाणी मागायचा नमुना ७ चा अर्ज दरवर्षी भरतो, पाणीपट्टी कधी थकवली नाही. धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणा एका साहेबाला पकडायचं नाही, अन् विदर्भात कोणत्याही कालव्याच्या टेलवर जाऊन विचारा, गोष्ट थोड्याफार फरकानं हीच निघेल.

यंदा पाऊस बरा झाला, धरण भरत आलंय, म्हणून आत्ताच लिहितोय. धरण रिकामं असताना लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता की पाणीच नाही तर काय करणार. यंदा पाणी आहे. आता प्रश्न फक्त कधी सोडायचं याचा आहे, अन् माझं सगळं म्हणणं त्या 'कधी'बद्दलच आहे.

१५ ऑक्टोबरला धरणात जेवढा साठा असेल तो धरून रब्बीचा हिशेब मांडायचा, ही खात्याची जुनी पद्धत. पिण्याचं बाजूला काढायचं, बाष्पीभवनाचं वजा करायचं, उरलेल्यावर पाळ्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या फेऱ्या, ठरवायच्या. १५ ऑक्टोबर ते २८ फेब्रुवारी रब्बी, १ मार्चपासून उन्हाळी. पद्धत चांगली आहे, मला तिच्यात खोट काढायची नाही. पण त्या पद्धतीनं चालायचं तर मीटिंग ऑक्टोबरात व्हायला पाह्यजे, अन् आमच्याकडं ती कधी नोव्हेंबरात होते, कधी पुढं ढकलते, कधी कोणाची तारीख मिळत नाही म्हणून आणखी पुढं जाते, अन् तोवर आमचा हरभरा मात्र कोणाची वाट न पाहता वाढत असतो.

दोन वर्षांमागची गोष्ट सांगतो. दिवाळीच्या आधी जमिनीत ओल होती तोवर दोन एकरात हरभरा पेरला. हरभऱ्याला आमच्या काळ्या जमिनीत दोन पाणी पुरतात, पहिलं फांद्या फुटताना, फुलोऱ्याच्या आधी, म्हणजे महिना-सव्वा महिन्यानं, अन् दुसरं घाटे भरताना. मधे फुलोऱ्यात पाणी दिलं की झाड माजते, फुलं गळतात, पाणी साचलं तर मर लागते ती वेगळी. हे सगळं लहान पोरालाही माहीत आहे आमच्याकडं. त्या वर्षी मीटिंग नोव्हेंबरच्या शेवटी झाली, पाणी डिसेंबरात सुटलं, अन् वरून खाली येत येत आमच्या टेलवर पोचलं तेव्हा हरभरा फुलानं पांढरा-जांभळा झालेला. आता माणसानं काय करावं? घ्यावं तर फुलं जातात, न घ्यावं तर पुढची पाळी कधी येईल, येईल की नाही, हे सांगणारा कोणी नाही. मी घेतलं. रात्री दोन वाजता, गुडघाभर चारीत उभा राहून, बॅटरी तोंडात धरून घेतलं. एकरी अडीच क्विंटलही झाला नाही. ज्या वर्षी पाणी वेळेवर येते त्या वर्षी याच वावरात सात-आठ क्विंटल होतो.

आमच्या धुऱ्याला धुरा लागून एका आजीचं वावर आहे. तिनं ते पाणी घेतलंच नाही. मला म्हणे, "पाणी त आलं बाबू, पण वरात गेल्यावर मांडवात घागरी आणून काय करू मी?"

गावात तेव्हा एकच बोलणं होतं की वीजघरवाल्यांनी आपलं पाणी अडवून ठेवलं, त्यांना पाह्यजे तेव्हा सोडलं. मीही तसंच बोलत होतो, खोटं कशाला सांगू. पण मग एक दिवस दोघं-तिघं मिळून सरळ धरणावर गेलो अन् वीजघरातल्या माणसाला विचारलं, की भाऊ, तुमचं नेमकं काय चालते. त्या माणसानं चहा पाजला अन् तासभर समजावून सांगितलं. त्या तासात माझ्या डोक्यातली अर्धी भांडणं मिटली अन् नवीन प्रश्न उभे राह्यले.

टर्बाइन पाणी पित नाही. धरणातून पाणी पाइपानं खाली येते, पाती फिरवते अन् जसंच्या तसं कालव्यात पडते. मशीनला दोन गोष्टी लागतात, एक उंची, म्हणजे धरणातली पातळी अन् खालची पातळी यांच्यातलं अंतर, अन् दुसरा डिस्चार्ज, म्हणजे एका वेळी किती पाणी वाहते ते. पातळी उतरत गेली की तेवढ्याच पाण्यातून वीज कमी निघते. अन् डिस्चार्ज एका मर्यादेच्या खाली गेला की मशीन घेतच नाही, मग ते पाणी बाजूच्या गेटनं तसंच सोडावं लागते, वीज शून्य. तो म्हणाला, "कालवा फुल चालला तर माझं मशीन फुल चालते जी, तुमच्याच कालव्यात पाणी घ्यायची ताकद नाही."

ते खरं होतं. कालव्यात गाळ, बेशरम कमरेएवढी, अस्तर ठिकठिकाणी उखडलेलं, दोन जागी तर फुल डिस्चार्ज दिला की भराव फुटायची भीती. म्हणून साहेब लोक कालवा अर्धा चालवतात अन् दिवस दुप्पट लावतात. कागदावर पाणी तेवढंच. पण अर्ध्या कालव्यात पाण्याची पातळी खाली राहते, मग वरच्या गेटवाल्यांना धकते, त्यातले काही जण पाइप टाकून ओढतात, अन् आमच्यापर्यंत येते ती नुसती ओल. म्हणजे ज्या अर्ध्या कालव्यामुळं माझं वावर कोरडं राहते त्याच अर्ध्या कालव्यामुळं त्याचं मशीन बंद राहते. आम्ही दोघं एकमेकाला शिव्या देत बसलो होतो अन् नुकसान दोघांचं एकाच जागी होत होतं. साहेब, हे तुम्हाला माहीत असेल, तुमचं शिक्षणच ते आहे, पण समितीच्या मीटिंगमधे हे कधी कोणी बोललेलं मी ऐकलं नाही. तिथं वीज एका बाजूला अन् शेती एका बाजूला असंच बोलणं होते.

आता मी तुम्हाला लांब घेऊन जातो. माझी मोठी पोरगी कृषी पदवीला आहे, तिनं एक दिवस मोबाइलवर नकाशा दाखवला अन् म्हणाली बाबा, तुमचंच भांडण आहे पण वाळवंटातलं, अन् पीकही तुमचंच, कापूस. मला वाटलं राजस्थान असेल. ते नव्हतं, मध्य आशिया होता, सिर दर्या नावाची नदी. तिच्याबद्दल पोरीनं जेवढं वाचून सांगितलं तेवढं मी नंतर पुन्हापुन्हा विचारून घेतलं, कारण झोप उडवणारी गोष्ट आहे.

वर डोंगरात किर्गिझस्तान. तिथं नारीन नदीवर, जी पुढं सिर दर्या होते, तोक्तोगुल नावाचं धरण आहे, १९७० च्या दशकात बांधलेलं, २१५ मीटर उंच, साडेएकोणीस हजार दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, पाणी मावते. आपल्या वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या सतरापट धरा. वीजघर मूळचं १२०० मेगावॅटचं. खाली वाळवंटात उझबेकिस्तान अन् कझाकस्तान, तिथं मैलोन्मैल कापूस. पाऊस नसल्यासारखाच, म्हणजे आमचं कोरडवाहू तरी होते, तिकडं कालवा नाही तर काडी उगवत नाही. सगळं मिळून सोव्हिएत युनियन होतं तोवर हिशेब असा होता की वरच्यानं हिवाळ्यात पाणी राखून ठेवायचं, उन्हाळ्यात कापसाला सोडायचं, अन् त्याच्या बदल्यात खालच्यांनी हिवाळ्यात त्याला कोळसा, गॅस, तेल पाठवायचं, म्हणजे तो थंडीत गारठणार नाही. एक घर होतं, एक मोठा माणूस वाटून देत होता, चालून गेलं.

१९९१ ला ते घर फुटलं. आता खालचे म्हणाले कोळसा-गॅस बाजारभावानं घ्या. वरच्याकडं पैसा नाही, तेल नाही, आहे ते फक्त पाणी. थंडी कशी, तर हाडं फोडणारी. मग त्यानं काय केलं, हिवाळ्यात टर्बाइन फिरवले, घरं गरम ठेवायला. त्याला दोष कसा द्यायचा? पण ते पाणी हिवाळ्यात खाली गेलं. हिवाळ्यात खाली कापूस नाही, नदीवर बर्फ, बर्फात नदीला पूर्ण पाणी वाहून न्यायची जागा नाही, म्हणून पूर. खालचं चारदारा धरण भरून जायचं अन् जास्तीचं पाणी अर्नासायच्या खोलगट वाळवंटी पट्ट्यात सोडून द्यावं लागायचं, तिथं मोठमोठी तळी झाली. अन् उन्हाळ्यात, कापसाला पाणी पाह्यजे तेव्हा, वर धरणात पुढच्या हिवाळ्यासाठी साठवण चालू. म्हणजे वर्षभराचं पाणी तेवढंच, नदी तीच, धरण तेच, फक्त महिना बदलला अन् एकाच वर्षात पूरही आला अन् कापूसही वाळला.

मला माझा हरभरा दिसला त्यात.

त्यांनी काही केलंच नाही असं नाही. १९९२ मधेच पाच देशांची एक पाण्याची समिती झाली. १९९८ मधे करार झाला, वरच्यानं उन्हाळ्यात पाणी सोडायचं, त्यातून उन्हाळ्यात निघेल ती जास्तीची वीज खालच्यांनी घ्यायची, अन् हिवाळ्यासाठी त्याला इंधन द्यायचं. कागद फार चांगला होता. पण दरवर्षी आकडे नव्यानं ठरवायचे होते, ते वेळेत ठरेनात, ठरले ते पूर्ण पाळले जाईनात, अन् काही वर्षांत करारातला जीव गेला. आमच्या समितीच्या मीटिंगा पुढं ढकलतात तेव्हा मला आता हे आठवते.

मग कझाकस्ताननं शेवटी कोकसराय नावाचा साठवण तलाव बांधला, तीन हजार दलघमीचा, हिवाळ्याचं नको असलेलं पाणी अडवायला अन् उन्हाळ्यात शेतीला द्यायला. वरच्याला हवं तेव्हा तो वीज काढो, आम्ही ते पाणी मधे धरून ठेवू अन् आमच्या महिन्यात वापरू. या एका गोष्टीवर माझं मन अडकलं, तिच्याकडं परत येतो.

त्याच नदीच्या टोकाला अरल समुद्र. १९६० पर्यंत ६८ हजार चौरस किलोमीटरचं पाणी, म्हणजे आपल्या विदर्भाच्या दोनतृतीयांशाहून मोठं. सिर दर्या अन् तिची जोडीदार अमू दर्या, दोन्ही कापसाला वळवल्या. त्यात कराकुमसारखा कालवा, १९५४ ला सुरू केलेला, तेराशे किलोमीटरच्या वर लांब, वाळूतून खोदलेला, बराचसा बिनअस्तराचा, किती पाणी वाळूत मुरलं त्याला सीमा नाही. समुद्र आटला, मासेमारीची जहाजं वाळूत उभी राह्यली, तळाचं मीठ वाऱ्यानं उडून लोकांच्या वावरावर अन् छातीत गेलं. पुढं २००५ मधे उत्तरेकडच्या तुकड्याला कोक-अरल नावाचा बांध घातला तेव्हा तेवढा भाग पुन्हा भरला, मासे परत आले. तिकडची टेल म्हणजे अख्खा समुद्र होता, साहेब. टेलची आठवण शेवटी ठेवली की काय होते ते तिथं दिसते.

मिठाचं निघालंच म्हणून एक गोष्ट वरच्या गेटवाल्या भावांना. तुमच्यावर माझा राग नाही, पाणी समोरून वाहत असताना हात आखडणं सोपं नाही. पण काळ्या जमिनीत निचरा नसताना पाणी भरत राह्यलं की खालचं मीठ वर येते. आपल्याकडं अकोला, अमरावती, बुलडाण्यात पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा आहे, तिथल्या माणसाला विचारा, विहिरीला पाणी लागते पण पिकाला देता येत नाही, हे काय दुखणं असते. ते मीठ निसर्गानं आधीच दिलेलं. ज्यांची जमीन आज गोड आहे त्यांनी ती हातानं खारट करू नये एवढंच. राजस्थानात हनुमानगडकडं वाळवंटात कालवा आल्यावर काही भागात इतकं पाणी दिलं गेलं की जमिनीतून पाणी वर आलं, वावरं दलदल झाली. तिकडं त्याला सेम म्हणतात. वाळवंटात दलदल, विचार करा.

राजस्थानचं मला आमच्या गावच्या एका फौजी पोरानं सांगितलं. तो तीन वर्षं सूरतगढला होता. इंदिरा गांधी कालवा पंजाबात हरिकेच्या बंधाऱ्यापासून निघतो, आधी २०४ किलोमीटरचा फीडर अन् मग ४४५ किलोमीटरचा मुख्य कालवा, थरच्या वाळवंटात जैसलमेरकडं. १९५८ मधे कामाला सुरुवात झाली. पण फौजी पोराला कालव्याच्या लांबीचं नवल नव्हतं, त्याला नवल होतं तिथल्या शेतकऱ्याच्या खिशातल्या कागदाचं. तिथं वाराबंदी आहे. आठवड्याचे १६८ तास, एका मोघ्यावर, म्हणजे कालव्यातून वावराकडं पाणी काढायच्या तोंडावर, जेवढे शेतकरी तेवढ्यांना जमिनीच्या हिशेबानं तास वाटून दिलेले, अमक्याची बारी मंगळवारी पहाटे सव्वातीन ते पाच, लिहून दिलेलं. अन् रात्रीची बारी कायम एकाच्याच नशिबी येऊ नये म्हणून दरवर्षी बारा तासांनी यादी सरकवतात. फौजी म्हणाला, "काका, तिथं पाणी आपल्याहून कमी आहे, पण माणूस घड्याळ पाहून वावरात जातो." तिथंही भांडणं होतात, पाणीचोरी होते, कमी पाण्याच्या वर्षी कालवे आळीपाळीनं बंद ठेवावे लागतात, हे सगळं त्यानंच सांगितलं. पण आपली बारी कोणती हे माहीत नसलेला माणूस त्याला तिथं भेटला नाही.

अन् त्या कालव्याला पाणी जिथून येते त्या वरच्या धरणांचं, भाक्रा अन् पोंगचं, वीज अन् पाणी दोन्ही एकच मंडळ पाहते, भाक्रा-बियास व्यवस्थापन मंडळ. त्यांचं वर्ष ठरलेलं आहे, २१ मे ते २० सप्टेंबर भरायचे महिने, २१ सप्टेंबर ते २० मे रिकामं करायचे. राज्यांची माणसं अन् अभियंते एकत्र बसतात, पुढच्या महिन्याचं सोडायचं पाणी ठरवतात, अन् शेतीची मागणी धरून सोडलेल्या पाण्यावर वीज काढतात. राज्यांची भांडणं तिथं काही कमी नाहीत, पेपरात आपण वाचतोच. तरी पण टर्बाइनवाला अन् कालव्यावाला एकाच टेबलावर, एकाच कागदावर बसलेले असतात.

वाळवंटातलं कशाला, आपल्या नागपूरकडं पाहा. पेंच नदीवर तोतलाडोह, मध्य प्रदेश अन् महाराष्ट्र दोघांचा १६० मेगावॅटचा प्रकल्प, विजेतला दोनतृतीयांश वाटा त्यांचा, एकतृतीयांश आपला. तिथं टर्बाइनमधून निघालेलं पाणी खाली नवेगाव खैरीच्या धरणात थांबते. तिथून मग कालव्याला अन् नागपूर शहराला. वीज काढायची वेळ वेगळी, पाणी वापरायची वेळ वेगळी, मधे एक धरण धक्का झेलायला. कझाकस्ताननं जे पुढं कोकसरायमधे केलं ते आमच्या जुन्या अभियंत्यांनी पेंचवर आधीच करून ठेवलेलं आहे, याचा मला खरंच अभिमान वाटला. अन् कोयनेचं उलटं आहे, तिथलं वीज काढलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात उतरते, ते कृष्णेकाठच्या शेतीला परत येत नाही, म्हणून कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं पश्चिमेकडं वळवायला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. तिकडच्या लोकांचा प्रश्न अवघड आहे. आमचा नाही. आमचं टर्बाइनमधलं पाणी आमच्याच कालव्यात पडते.

आता माझं मागणं सांगतो, अन् हे माझ्या एकट्याचं नाही, टेलवरच्या तीन गावांत बसून बोलून ठरवलेलं आहे.

मीटिंग १५ ऑक्टोबरच्या आठवड्यात घ्या. अध्यक्षांना वेळ नसेल तर ज्यांना आहे त्यांनी बसा, पण घ्या. अन् मीटिंगनंतर जे ठरेल ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, व्हॉट्सॲपवर टाका, की पहिली पाळी अमक्या तारखेला सुटेल, मुख्य कालव्यात इतका डिस्चार्ज, आमच्या मायनरला अमक्या दिवशी, इतके दिवस, अन् दुसरी पाळी अमक्या तारखेला. पाणी कमी असेल तर कमी लिहा. एकच पाळी असेल तर एकच लिहा, आम्ही त्या हिशेबानं हरभरा कमी पेरू, जवस घेऊ, वावर मोकळं ठेवू. पण आधी सांगा. ज्याला पेरणीच्या आधी कळलं तो नुकसानातून अर्धा वाचतो.

वीजघराच्या माणसाला त्या मीटिंगला बोलवा. आतापर्यंत तो नसतो. त्याचं मशीन किती डिस्चार्जला नीट चालते ते त्याला विचारा, अन् शक्य तिथं कालव्याची पाळी त्याच्याशी जुळवा, पूर्ण भरून चालवायची अन् मग पूर्ण बंद. अर्धा कालवा महिनाभर चालवू नका, कृपा करून. फुल कालवा चालला की पाणी टेलपर्यंत दाबानं येते. टेलकडून वर ओलीत करत जायचं हे तत्त्व तर खात्याच्याच तोंडून आम्ही ऐकलंय, ते पाळायला एवढी एक गोष्ट लागते.

आता कालवा फुल चालवायचा तर गाळ अन् बेशरम काढावी लागेल, दोन कमजोर भराव बांधावे लागतील. पैसा नाही म्हणतात. वीजघराला फुल डिस्चार्जमुळं जी जास्तीची वीज मिळेल तिच्या कमाईतला काही वाटा दरवर्षी कालव्याच्या सफाईला ठेवता येईल का, हे समितीनं सरकारकडं लेखी मागावं. नियमात बसते का ते तुम्ही पाहा, मला नियम येत नाहीत, पण ज्या कामानं दोघांचा फायदा होतो त्याचा खर्च दोघांनी उचलावा हे माझ्या डोक्याला पटते. आमच्या मायनरची सफाई आम्ही श्रमदानानं करू, तीन गावांनी तसा शब्द दिलाय.

अन् कोकसरायची गोष्ट. सप्टेंबरात धरण भरून गेट उघडायची वेळ येते, तेव्हा वीजघर चालते अन् ते पाणी कालव्यातून नाहीतर नदीतून तसंच जाते. त्या दिवसांत आमच्या टेलवर दोन गावतलाव अन् एक पाझर तलाव अर्धे रिकामे असतात. मायनरच्या शेवटच्या टोकाहून तिथपर्यंत नाली खोदली तर ते पाणी त्यात अडेल, विहिरी वर येतील, अन् डिसेंबरात तुमच्याकडून पाळी उशिरा आली तरी आमचं एक पाणी निघेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत शेकडो वर्षांचे हजारो मालगुजारी तलाव हेच काम करत आले, आमच्या भागात ते नाहीत, म्हणून जे तीन आहेत त्यांची किंमत आम्हाला जास्त.

मोजणीचंही राह्यलं. २००५ च्या कायद्यानं पाणी वापर संस्थेला मोजून पाणी द्यायचं आहे, पीक कोणतं घ्यायचं ते आम्ही ठरवायचं. आमच्या मायनरच्या तोंडाशी मोजपट्टी आहे पण आकडे पुसलेले, वाचणारा माणूस नाही. ती नव्यानं रंगवा, रोज सकाळी एक आकडा ग्रुपवर टाकायला संस्थेचा पोरगा आम्ही देतो. नाशिककडच्या वाघाडच्या शेतकऱ्यांनी अख्खा प्रकल्प स्वतः चालवायला घेतला, आम्ही तेवढं म्हणत नाही, आम्हाला आमच्या मायनरचा आकडा तरी दिसू द्या.

एक आणखी, विजेचंच. ज्यांच्या विहिरी आहेत त्यांना कृषी पंपाची लाईन कित्येक ठिकाणी अजून रात्रीची मिळते. धरणावर पाण्याची वीज करायची अन् ती वीज शेतकऱ्याला रात्री बारा वाजता द्यायची, मग त्यानं साप-विंचवात, बिबट्याच्या भीतीत पाणी द्यायचं. दिवसा वीज देणाऱ्या सौर फीडरचं, म्हणजे उन्हाच्या विजेवरच्या लाईनचं, काम सुरू आहे ते चांगलं आहे. आमच्या टेलच्या गावांचा नंबर कधी, एवढं कोणी सांगावं. इथंही तारीखच मागतोय मी.

गोसीखुर्दचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला झालं, तेव्हा खर्च ३७२ कोटी धरलेला अन् ओलिताचं लक्ष्य अडीच लाख हेक्टरचं. मी तेव्हा शाळेत होतो. आता वैनगंगेचं पाणी सव्वाचारशे किलोमीटर लांब बुलडाण्यातल्या नळगंगेपर्यंत न्यायचं ठरलंय, २०२४ मधे मान्यता मिळाली. व्हावं ते, मनापासून वाटते की व्हावं, विदर्भाच्या सहा जिल्ह्यांना ओल मिळेल. पण त्या सव्वाचारशे किलोमीटरच्या शेवटी पण कोणीतरी माझ्यासारखा बसलेला असेल, त्याला कोणत्या तारखेला किती पाणी, हे कालवा खोदायच्या आधी लिहून ठेवा. आमच्याकडं कालवा आधी झाला अन् तारीख अजून ठरायची आहे.

यंदाच्या मीटिंगला आम्ही टेलवरचे दहा-बारा जण येणार आहोत, पोरगीही येणार आहे, तिनं आमच्या मायनरच्या गेल्या तीन वर्षांच्या पाळ्या अन् हरभऱ्याचं उत्पन्न असं वहीत मांडून ठेवलंय, तिला दहा मिनिटं बोलू द्या. आम्ही मागं उभे राहू, आवाज करणार नाही. मीटिंग कुठं अन् किती तारखेला तेवढं कळवा. या आठवड्यात कळलं तर बरं, कारण बियाणं आणायचं आहे, अन् दोन एकर पेरू की एकच, हे तुमच्या त्या कागदावर आहे.

आपला,
टेलवरचा एक शेतकरी, पाणी वापर संस्थेचा सभासद